गुऱ्हाळावर बघितलेली मॅच

कोल्हापूरला जाऊन आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण आधी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं विचारतो. मग चपला आणल्या का, ते विचारतो. ही उत्तरं देऊन झाली की मी इरफानभाईंच्या गाडीची गोष्ट सांगायला लागते आणि नंबर तपासायला आलेलं माणूस नंबर विसरून ऐकत बसतं. इतक्यांदा सांगून झालीच आहे, तर एकदा नीट लिहूनच काढावी म्हटलं.

मी अमरावतीत चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासते. प्रवासात सोबत होत्या माझ्या मोठ्या नणंद, मंदाताई. त्यांनी बडनेऱ्याला कॉलेजच्या पोरांची मेस अर्धं आयुष्य चालवली. दर रविवारी फळ्यावर ‘आज कोल्हापुरी’ असं लिहून त्या पोरांना घाम फोडायच्या. यंदा मेस लेकाच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “सुधा, ज्या गावाच्या नावानं एवढं तिखट खाऊ घातलं, ते गाव तं एकदा पाहू.” म्हणून जानेवारीत, ऊसतोडीच्या ऐन हंगामात, आम्ही दोघी निघालो.

कोल्हापूर

पहिल्याच दुपारी एका खानावळीत ताट समोर आलं. मंदाताईंनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, मग तांबड्याची, मग पुन्हा पांढऱ्याची. आमच्याकडे कोल्हापुरी म्हणजे मूठभर तिखट जास्त. इथे तिखट होतं, पण त्याच्या खाली भाजलेलं खोबरं होतं, तीळ होते, खसखस होती, आणि शेजारच्या पांढऱ्या रश्श्याला तर तिखटाचा रागच नव्हता.

“सुधा,” त्या शेवटी म्हणाल्या, “मी इतके दिवस त्या पोराईले काय खाऊ घातलं वं?”

वाढणारा माणूस हसला आणि न विचारता वाट्या पुन्हा भरून गेला. वाटीतला रस्सा संपू द्यायचाच नाही, अशी इथली रीत. आम्ही ‘पुरे’ म्हणून हात आडवा धरला, तर तो म्हणाला, “पावणं, लाजतासा काय, रश्श्याला कोण न्हाय म्हणतंय व्हय?”

पन्हाळ्याला जायला लॉजच्या मालकांनी गाडी ठरवून दिली. गाडी पांढरी, सात जणांची, आतून बाहेरून लख्ख पुसलेली. चालक इरफानभाई कसबा बावड्यात राहणारे, पंचेचाळिशीचे, बारीक कातरलेली दाढी, इस्त्रीचा शर्ट. पुढचे तीन दिवस हीच गाडी आमची. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी आम्ही कुठल्या, घरी कोण कोण, जेवलो का आणि काय जेवलो, सगळं विचारून घेतलं. आमच्याकडे ओळख व्हायला दोन चहा लागतात. इथे दार उघडेपर्यंत होते.

गाडीत बसलो आणि समोर टीव्ही दिसला. टीव्हीच म्हणायचा त्याला. डॅशबोर्डच्या मधोमध, जेवणाच्या ताटाएवढी काळी काच उभी केलेली. इरफानभाईंनी बोट लावलं तशी ती उजळली आणि तिच्यावर एक बाई मासे तळू लागली.

“दिवाळीला बसवला,” ते कौतुकानं म्हणाले. “पॅशिंजरला टाइमपास पायजे की. मॅप ह्यात, गाणी ह्यात, एसी बी ह्यातच. जुनी बटणं सगळी काढून टाकली.”

“चालू गाडीत पिक्चर दिसते?” मंदाताईंनी विचारलं.

“तसं दिसू नये म्हणूनच वायर असती. हँडब्रेक वढल्याबिगर व्हिडिओ लागत न्हाय. पण बसवणाऱ्यानं ती वायर बाजूला काढली. समदीच काढून घेत्यात.”

गाडी घाट चढायला लागली. बाई मासे तळत होती. एसी थोडा कमी करायचा होता, तर इरफानभाईंनी बोट पुढे नेलं, पण काचेवर बोटाला काय लागणार? जुनं बटण असतं तर हाताला कळलं असतं, वळणावर नजर न काढता फिरवता आलं असतं. इथे आधी मासे बाजूला सारायचे, मग पंख्याचं चित्र शोधायचं, मग त्यातली उणेची रेघ. तेवढ्यात एक वळण येऊन गेलं. ते शोधताना इरफानभाई हनुवटी वर करून मान मागे घेत होते. माझ्यासमोर रोज चाळिशीची माणसं बसतात आणि कागद वाचताना नेमकी अशीच मान मागे घेतात. त्या वयात डोळा जवळचं सोडून लांबचं धरायला जरा वेळ घेतो. घाटात तो ‘जरा वेळ’ म्हणजे अर्धं वळण.

हे सगळं मला कळत होतं आणि मी गप्प होते. मागच्या सीटवर बसून पायानं ब्रेक दाबत होते, जो तिथे नव्हताच. मंदाताईंनी कोपरानं ढोसलं. “सांगून टाक नं.”

“तुम्ही सांगा.”

“तुलेच तं डोळ्यातलं समजते.”

मी घसा साफ करून म्हटलं, “इरफानभाई, दिसतंय ना नीट?”

“मागनं दिसत न्हाय व्हय?” त्यांनी आपुलकीनं आवाज वाढवला आणि काच आमच्याकडे थोडी वळवून दिली.

माणूस एवढा चांगला, की त्याला टोकायचं कसं? पन्हाळ्यावर वारं सुटलं, तर त्यांनी डिकीतून बायकोची शाल काढून मंदाताईंना दिली. तटावरून खाली मळे दिसत होते, कुठे ऊस उभा, कुठे तोडून झालेला, आणि गुऱ्हाळांचे धूर सरळ वर जात होते. आम्ही गरम कणसं खाल्ली आणि उतरताना मी डोळे मिटून घेतले.

खिद्रापूर आणि कुरुंदवाड

दुसऱ्या दिवशी लवकर निघालो. निघतानाच इरफानभाई म्हणाले, “ताई, चारच्या आत परत आलो तर बरं हुईल.” का, ते सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

खिद्रापूरचं देऊळ पाहिलं नसेल तर पाहाच. पुढच्या मंडपाला मधोमध छपरच नाही. गोल तोंड आभाळाकडे उघडं, त्याच्या खाली तेवढाच गोल दगड, आणि सकाळचं ऊन वरून सरळ त्यावर पडलेलं. कोरीव खांबांच्या मधे आम्ही दोघी वर बघत उभ्या राहिलो. मंदाताई म्हणाल्या, “मान दुखाले लागली, पण खाली पाहावं वाटत नाई.”

तिथून कुरुंदवाडला आलो. बाजारात नदीकाठची वांगी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. आमच्याकडचं वांगं जांभळं, गोल, भरताचं. हे हिरवट, पांढऱ्या रेघांचं. मंदाताईंनी ते हातात घेऊन दाबलं, देठ पाहिला, वास घेतला.

“आवो, वांगं हाय ते, सोनं न्हवं,” मावशी म्हणाल्या. “शिजवून बघा, मग मला नावं ठिवा.”

“शिजवू कुठं? लॉजवर उतरलो.”

मावशींनी विचार केला आणि पानात बांधलेली स्वतःची दुपारची भाकरी-भाजी पुढे केली. भाजी त्याच वांग्याची. इरफानभाईंसह आम्ही तिघांनी एकेक घास खाल्ला. मंदाताईंनी विचारून विचारून त्यातला मसाला काढून घेतला आणि पिशवीभर वांगी अमरावतीला न्यायला घेतली. वाटेत ती थोडी दबली, पण पोचली.

नदीला नमस्कार करून, शेजारच्या वाडीची प्रसिद्ध बासुंदी खाऊन, आता परत निघायचं एवढंच उरलं होतं. पण मंदाताईंच्या मनातून गुऱ्हाळ जाईना. गूळ होताना बघायचाच, म्हणाल्या. इरफानभाईंनी घड्याळ पाहिलं. “जाऊया की. वडगावच्या वाटंला एक वळखीचं हाय.” तेव्हाच मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघायला हवं होतं.

पेठ वडगावच्या वाटेवर

हातकणंगले मागे पडलं आणि इरफानभाईंनी काच चालू केली. ह्या वेळी मासे नव्हते. हिरवं मैदान, इकडून तिकडे पळणाऱ्या मुली आणि घशाच्या शिरा ताणून बोलणारा समालोचक. फुटबॉल. कोल्हापूरला कुस्तीचं वेड, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फुटबॉलच्या मॅचला इथे अख्ख्या पेठा लोटतात, हे नंतर समजलं.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना ऊस, पुढे उसानं भरलेला ट्रॅक्टर, त्याला एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या. कांडी चारही बाजूंनी बाहेर आलेली. मला तो दिसत होता. इरफानभाईंनाही दिसला असणारच, कारण ते थोडे हळू झाले होते. मग समालोचक एकदम ओरडला, मैदानावर गलका झाला आणि इरफानभाईंची नजर काचेवर गेली.

ट्रॅक्टर त्याच वेळी शेताच्या वाटेला वळण्यासाठी थांबत होता.

“इरफानभाई!” मी ओरडले. त्यांनी वर पाहिलं, ब्रेक दाबला, चाक उजवीकडे मारलं. ऊस गाडीच्या डाव्या अंगाला खरवडत गेला. बाहेरचा आरसा फटकन तुटला. मंदाताईंच्या बाजूची काच अर्धी उघडी होती, तिच्यातून दोन-तीन कांडी आत घुसली आणि मोडून त्यांच्या मांडीवर पडली.

गाडी थांबली. समालोचक मात्र बोलतच होता, कॉर्नर मिळालाय, सगळ्या पुढं आल्यात, म्हणत होता.

“ताई, लागलं का?” इरफानभाईंचा आवाज ओळखू येत नव्हता.

मंदाताईंनी गाल चाचपला. पात्यानं बारीक ओरखडा निघाला होता, बाकी काही नाही. “मले काई झालं नाई,” त्या म्हणाल्या, पण मांडीवरची कांडी त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. उंच, रापलेला, डोक्याला टॉवेल. “डोळं कुटं हुतं ओ? एवढा ऊस दिसला न्हाय व्हय तुमाला?”

“चुकलं माझं,” इरफानभाई म्हणाले.

“चुकलं म्हंजे? बायकामाणसं हायत आत.” तो खिडकीत वाकला, त्याला काच दिसली आणि तो थबकला. भांडणाच्या मधेच त्यानं विचारलं, “ही कुटली मॅच?”

“पोरींची. सेमीफायनल.” इरफानभाईंनी मान खाली घातली. “माझी लेक खेळतीया.”

चारच्या आत परत यायचं होतं, ते ह्यासाठी. आम्ही गुऱ्हाळाचा हट्ट धरला आणि हा माणूस पाहुण्यांना नाही म्हणू शकला नाही.

ट्रॅक्टरवाल्यानं तुटलेला आरसा रस्त्यावरून उचलून इरफानभाईंच्या हातात दिला. त्याचा आवाज उतरला होता. “मग थांबून बघायची की मर्दा. अशी मरत मरत कशाला बघायची?”

तो गेला. इरफानभाईंनी आमची माफी मागितली आणि काच बंद केली. गाडी चालू झाली. आता सगळं ठीक व्हायला हवं होतं, पण मी मधल्या आरशात त्यांचे डोळे बघत होते. दर थोड्या वेळानं ते त्या काळ्या, विझलेल्या काचेकडे जात होते. मॅच दिसत नव्हती, पण त्यांच्या डोक्यात चालूच होती. काल घाटात जे माझ्या घशात अडकलं होतं, ते आता अडकलं नाही.

“इरफानभाई,” मी म्हटलं, “गुऱ्हाळ आलं की गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि मॅच संपेपर्यंत हलायचं नाही.”

“न्हाय ताई, तुमचा टाइम—”

“आमचा टाइम आम्हाला गूळ बघायलाच घालवायचा आहे. आणि आम्हाला अमरावतीला परत जायचंय. पोरगी बघा तुमची.”

गाडीचा वेग कमी झाला.

गुऱ्हाळ

गुऱ्हाळ रस्त्याला लागूनच. पत्र्याची शेड, उसाच्या चिपाडांचा ढीग, खाली पेटलेली भट्टी आणि तिच्यावर खोलीएवढी रुंद कढई. रस उकळून सोनेरी फेस येत होता, त्याचा वास कपड्यांत शिरला तो घरी येईपर्यंत गेला नाही. मालक तानाजीराव इरफानभाईंच्या ओळखीचे. गाडीचं डावं अंग बघून ते काही विचारणार, तेवढ्यात इरफानभाईंनी लेकीचं सांगितलं. तानाजीरावांनी मागे वळून हाक दिली, “आरं या रं समदी, आपल्या इरफानची पोरगी खेळतीया.”

पाच मिनिटांत गाडीभोवती माणसं जमली. चारी दारं उघडली. आम्ही दोघी मागे, आमच्या शेजारी मोळ्या वाहणाऱ्या दोन बाया, खिडक्यांतून डोकावणारी डोकी, आणि पुढे एकटे इरफानभाई, हँडब्रेक ओढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले. दुसरा अर्धा भाग सुरू व्हायचा होता. अजून गोल कुणाचाच नव्हता.

“कुटली वो तुमची?” एका बाईनं विचारलं.

“ती मागची. निळ्यातली. केस बांधल्यात बघा.” त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं. “सानिया. अकरावीला हाय.” मग जरा थांबून आमच्याकडे वळले. “मॅच कायम सुट्टीच्या दिशी असती ताई, आन सुट्टीला गाडीला भाडं असतंय. मी तिला खेळताना नीट बघितलंच न्हाय कधी. गाडी चालवता चालवता तुकडं तुकडं बघितलंय.”

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पण ती मुलगी मागे उभी राहून सगळ्यांना हातानं जागा दाखवत होती आणि जिथे चेंडू जाईल तिथे आधीच पोचत होती, एवढं कळलं. मध्येच चित्र अडकलं. गोल चक्र फिरू लागलं. बाहेरून कुणीतरी म्हणालं, “शेडच्या मागं रेंज हाय, गाडी तिकडं घ्या.” इरफानभाईंनी आधी काच बंद केली, मग गाडी मागे घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग पुन्हा काच लावली. माणसं गाडीबरोबर चालत आली.

चित्र आलं तेव्हा गोलकीपर आडवी पडली होती आणि चेंडू मोकळ्या गोलाकडे निघाला होता. कुठून तरी सानिया धावत आली, रेघेवरच पाय घातला, चेंडू बाहेर फेकला आणि स्वतः खांबावर आदळली. शेडच्या मागे एवढा आवाज झाला, की कढईजवळचा गुळव्या ‘काय झालं’ म्हणत हातातला झारा घेऊनच पळत आला. सानिया गुडघा धरून पडली होती. इरफानभाई सीटवरून अर्धे उठले. मग ती उठली, लंगडत जागेवर गेली आणि पुन्हा हात करून जागा दाखवू लागली.

शेवटी हरल्या. संपायला थोडा वेळ असताना पलीकडच्यांनी गोल केला, तो कुणालाच अडवता आला नसता. माणसं चुकचुकत पांगायला लागली, तोच काचेवर फोन वाजला. इरफानभाईंनी बोट लावलं आणि अख्ख्या गाडीत मुलीचा रडका आवाज भरला.

“हरलो पप्पा.”

“बघितलं मी.”

“कुटं बघितलं?”

“गाडी थांबवली. दुसरा हाफ समदा बघितला.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाली, “मी रेघेवरनं काढला, ते?”

“ते बी बघितलं.”

गुळव्यानं खिडकीतून डोकं आत घातलं. “पोरी, रडू नगंस. लई भारी खेळलीस.”

“पप्पा, कोण हाय तितं?”

“गुऱ्हाळावर हाय. समदी बघत हुती तुला.”

त्यानंतर आम्ही गूळ पाहिला. रस दाटून लाल झाला, तो लाकडी वाफ्यात ओतला, गुळव्यानं फावड्यानं घोटला. गरम काकवी भाकरीवर घेऊन तिथेच खाल्ली. ढेप घेतली. तानाजीरावांनी ओरखड्याला लावायला मंदाताईंना हळद आणून दिली. अंधार पडल्यावर कोल्हापुरात पोचलो आणि वाटेत ती काच काळीच राहिली. इरफानभाई बोलले भरपूर, पण समोर बघून.

कसबा बावडा

तिसऱ्या दिवशी आरसा बसवायला त्यांच्या गावात जायचं होतं, तर आम्हीही गेलो. घरी त्यांच्या बायकोनं, शबानाभाभींनी, शिरखुर्मा केला होता. ईद नसताना कसा, विचारलं तर म्हणाल्या, “पाहुणे आले की ईदच.” मंदाताईंनी त्यांना कालच्या वांग्यांचा मसाला सांगितला. त्यांनी त्यात दोन दुरुस्त्या सुचवल्या. दोघींचं असं जमलं, की अजून फोन चालू असतात.

आरसा बसला. मग इरफानभाई शेजारच्या दुकानात गेले, जिथे काच बसवली होती. “ती हँडब्रेकची वायर जोड,” ते म्हणाले.

दुकानदार हसला. “आवो, लोकं ती काढायला येत्यात, तुमी जोडायला?”

“जोड.”

तो काम करत असताना मी तेलाच्या डब्यावरची बारीक अक्षरं पुढे धरली. “वाचा.” इरफानभाईंनी मान मागे घेतली, हनुवटी वर केली आणि मग त्यांनाच हसू आलं. “चष्मा लागला व्हय ताई?”

“लागलाय. हे परवाच सांगायला हवं होतं मी.”

“मग सांगायचं की,” ते म्हणाले. “आमच्याकडं कुणी मनात ठेवत न्हाय.”

दुपारी आम्हाला स्टेशनवर सोडायला निघाले, तेव्हा सानियाला वाटेत क्लासला सोडायचं होतं. ती पुढच्या सीटवर बसली. उंच, काटक, केस कालसारखेच बांधलेले. उसाच्या ट्रकांची रांग कारखान्याकडे चालली होती आणि इरफानभाई तिच्या कडेकडेनं सावकाश गाडी काढत होते. सानिया मॅच सांगत होती. कोण चुकलं, रेफरीनं काय बघितलं नाही, खांबावर आदळल्यावर क्षणभर कसं काहीच ऐकू येईना. सांगता सांगता तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतला.

“पप्पा, बघा की हिकडं. केवढं सुजलंय.”

“थांबल्यावर बघतो.”

“एवढं बघा की.”

“थांबल्यावर,” ते म्हणाले आणि समोरच बघत राहिले.

पुढच्या चौकात लाल दिवा लागला. इरफानभाईंनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि पुरते तिच्याकडे वळले. सुजलेल्या गुडघ्यावर तळवा ठेवला. वाकतो का, जिना चढताना दुखतं का, रात्री झोप लागली का, एकेक विचारलं. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. आम्ही मागे बसून ऐकत होतो. दिवा कधी हिरवा झाला, चौघांपैकी कुणालाच कळलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले.

“वाजवू दे,” मंदाताई म्हणाल्या.

इरफानभाईंनी लेकीचा पायजमा गुडघ्यावरून खाली केला, मान समोर वळवली आणि मग गाडी पुढे काढली.